रॅमचा पहिला मान पिक्चर ट्यूबला द्यायचा की नाही?

सह्यवेडा
संगणकाचा इतिहास सांगताना आपण १९४० च्या दशकातल्या अमेरिकेच्या एनियॅक यंत्रापासून सुरुवात करतो आणि थेट ट्रान्झिस्टरवर येतो. मधली काही वर्षं कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते सगळं त्याच वर्षांत ठरलं. एनियॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) होते, तरी चालू आकडेमोडीसाठी त्यात मावायच्या दहा अंकी फक्त २० संख्या. वेग होता, लक्षात ठेवायला जागा नव्हती. नवं गणित घालायचं तर तारा उपसून पुन्हा जोडायच्या, त्यात दिवस जायचे.

ही कोंडी मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी फोडली, तीही रडारसाठी बनलेली पिक्चर ट्यूब वापरून. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एका जागी आदळला की जितके येतात त्याहून जास्त इलेक्ट्रॉन तिथून उडतात, आणि तेवढ्या ठिपक्यावर किंचित धन प्रभार, म्हणजे जणू एक खळगा, राहतो. लगेच शेजारी दुसरा ठिपका काढला की त्याचे उडालेले इलेक्ट्रॉन पहिला खळगा भरून टाकतात. खळगा रिकामा की भरलेला, यावरून शून्य की एक ते ठरायचं. काचेला बाहेरून धातूचा पत्रा लावलेला असे. झोत पुन्हा त्या जागी आला की पत्र्यात बारीकसा विद्युत स्पंद उमटे, तोच वाचायचा. प्रभार सेकंदाच्या आत झिरपून जातो, म्हणून सगळे ठिपके सतत वाचून पुन्हा लिहीत राहायचं.

२१ जून १९४८ ला या ट्यूबवर त्यांचा छोटा संगणक, ‘बेबी’, चालला. ३२ ओळी, प्रत्येकीत ३२ ठिपके. १७ आज्ञांचा प्रोग्रॅम, काम काय तर २,६२,१४४ चा स्वतःहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधणं. ५२ मिनिटांनी उत्तर आलं, १,३१,०७२. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत, आणि हव्या त्या जागेवर थेट जाता येणारे! आजच्या रॅमचा, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या स्मृतीचा, पहिला मान याच ट्यूबचा, असं मी ठामपणे म्हणतो.

वेताळटेकडी
नाही पटलं. बेबी मुळात ही ट्यूब तपासायलाच बांधली होती. तिला छापायची सोयही नव्हती, उत्तर पडद्यावरचे ठिपके बघून वाचायचं. मान द्यायचा तर कामाला आलेल्या यंत्राला द्या. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांनी ६ मे १९४९ ला एडसॅक हा संगणक चालू केला, त्याची स्मृती पाऱ्याची होती. साधारण पाच फूट लांब नळी, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचा स्फटिक. विजेचा स्पंद एका टोकाला ध्वनी होऊन पाऱ्यात शिरायचा, मिलिसेकंदाने दुसऱ्या टोकाला पोचायचा, तिथे त्याला पुन्हा नीट आकार देऊन परत पहिल्या टोकाला धाडायचं. तापमान सांभाळावं लागे, पण यंत्र १९५८ पर्यंत विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात होतं. जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या रचनेची सुरुवातीची आकडेमोड त्यावरच केली, पुढे त्या रचनेसाठी १९६२ चं नोबेल मिळालं. मँचेस्टरच्या बेबीने असं काय केलं?

सह्यवेडा
पाऱ्यातला आकडा म्हणजे रिंग रूटची बस. ती तुमच्या थांब्यावर येईपर्यंत उभं राहायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आकडा नेमका कधी बाहेर येईल याचा हिशोब ठेवावा लागे, नाहीतर यंत्र नुसतं वाट बघत बसे. अमेरिकेत प्रिन्स्टनला गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या यंत्रात मँचेस्टरच्या पद्धतीच्या ४० पिक्चर ट्यूब, म्हणजे विल्यम्स ट्यूब, होत्या, प्रत्येकीतून एकेक बिट (एक शून्य किंवा एक), म्हणजे ४० बिटांचा अख्खा ‘शब्द’ (यंत्र एकदम हाताळतं तो गट) एका फटक्यात. आधी ते आरसीए कंपनीच्या सिलेक्ट्रॉन या स्मृती-ट्यूबसाठी थांबले होते. तिच्यात ४,०९६ बिट मावतील असं ठरलं होतं, हाती आली २५६ ची, तीही उशिरा. शेवटी मँचेस्टरचीच युक्ती उचलली. आयबीएमच्या ७०१ मध्येही अशा ७२ ट्यूब होत्या. कामाला आली नाही कसं म्हणता?

जुना_रेडिओवाला
मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्त केले, म्हणून लिहितो. बाजूला मिक्सर लावला की जुन्या टीव्हीचं चित्र हलायचं. प्रेक्षक ते खपवून घेतो. इथे मात्र झोत केसभर सरकला की शेजारचा बिट वाचला जातो आणि सगळं गणित बाद. पडद्याच्या लेपात एक कण खराब असला तरी तेवढी जागा मेलेली. त्यात वाईट म्हणजे एकच ठिपका पुन्हा पुन्हा वाचला की उडालेले इलेक्ट्रॉन आजूबाजूचे खळगे भरत जातात. म्हणजे छोटा लूप (त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) जपून लिहायचा, नाहीतर शेजारची माहिती नासायची. ज्या स्मृतीला वाचल्याने इजा होते तिला मी पहिला मान देणार नाही.

मीरा_कुलाबा
आपल्याकडचं उदाहरण बघा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला, तो १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. गणिताचं सगळं काम व्हॉल्व्हवर, सुमारे २,७०० व्हॉल्व्ह. स्मृती मात्र फेराइट कोअरची (बारीक चुंबकीय कड्यांची), ४० बिटांचे २,०४८ शब्द. पिक्चर ट्यूब होती, पण आलेख आणि आकडे दाखवायला. उशिरा सुरुवात करणाऱ्याला निवड करायची मोकळीक असते, आणि त्यांनी पाराही घेतला नाही, विल्यम्स ट्यूबही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकाने १९५३ मध्येच स्वतःच्या साठवणूक ट्यूब काढून कोअर बसवली होती. माझ्या मते तुम्ही दोघं ज्यांच्यासाठी भांडताय त्या दोन्ही सोयी तात्पुरत्याच होत्या.

सह्यवेडा
मीराताई, कोअर पुढे टिकली हे खरंच. पण १९४८ ला ती हाताशी होती का? आणि रेडिओवाले काका, वाचल्याने पुसलं जाणं हा कोअरचाही गुण, तिथेही वाचून परत लिहावंच लागे. आजच्या डीरॅममध्ये (संगणकातल्या नेहमीच्या रॅमच्या चिपमध्ये) बारीक प्रभार साठवतात, तो गळतो, म्हणून सारखा ताजा करावा लागतो. १९४८ च्या पडद्यावर हेच चाललं होतं.

वेताळटेकडी
सारखेपणावरून वारसा ठरत नाही. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये एका ट्रान्झिस्टरचा डीरॅम मांडला तो चिपवरची जागा वाचवायला. मँचेस्टरचं खरं देणं तुम्ही अजून सांगितलंच नाही. १९४९ च्या मार्क १ या संगणकात त्यांनी एक वेगळी ट्यूब ठेवली, तिला बी-ट्यूब म्हणायचे. तिच्यातला आकडा आज्ञेतल्या पत्त्यात आपोआप मिळवला जाई, म्हणून यादीतला पुढचा आकडा घ्यायला आज्ञाच बदलून लिहायची गरज उरली नाही. इंडेक्स रजिस्टर तिथून आलं, आणि ती कल्पना आजच्या बहुतेक प्रोसेसरांच्या रचनेत आहे. त्याचा मान मी मँचेस्टरला बिनशर्त देईन. स्मृतीचा मात्र एडसॅकलाच: तिथे दुसऱ्या विषयाचा माणूस कागदाची फीत घेऊन यायचा आणि छापलेलं उत्तर घेऊन जायचा.