जावा-येझदी मेळावा आणि नाशिकची भटकंती, डबलसीट : अनुभव धागा

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदी या जुन्या मोटारसायकलींचा दिन. नवरा-बायकोने जोडीने मेळाव्याला यायचं आणि त्याच फेरीत नाशिकही बघून घ्यायचं, असा बेत बरेच जण करतात. गाडी टू-स्ट्रोक, महिना भर पावसाचा, त्यात डबलसीट आणि सामान. हे सगळं धरून ज्यांना जे नेमकं ठाऊक आहे ते इथे लिहा. ‘मस्त ट्रिप झाली’ एवढंच नको. किती, कसं आणि का, ते हवं.

सुरुवात बेतापासून. शुक्रवारी उजेडी पोचा, कारण सहा व्होल्टच्या दिव्यावर पावसात घाट चढणं धोक्याचं. शनिवारी पहाटे त्र्यंबकेश्वर, नाशिकहून साधारण 30 किलोमीटर. रविवारी फक्त मेळावा. सोमवारी परतीच्या वाटेवरचं ठिकाण: मुंबईकरांनी पांडवलेणी, पुणेकरांनी सिन्नरचं गोंदेश्वर. त्र्यंबक सोमवारवर ढकलू नका. तो शंकराचा वार, रांग लांबतेच. रविवारी मेळावा आटोपून ‘जाता जाता पहिने’ हा मोहही आवरा. त्र्यंबक-घोटी रस्त्यावर धबधब्यांपाशी सुट्टीला गाड्या खोळंबतात. पहिल्या गिअरमध्ये डबलसीट रांगत राहिलं की हवेवर थंड होणारं इंजिन तापतं.

किकस्टार्ट
बेत झाला, आता ऑइल. लिटरभर पेट्रोलमध्ये 40 मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल म्हणजे 25 ला 1 हे प्रमाण. 10 लिटरला 400 मिली. तुमच्या मेकॅनिकने इंजिन वेगळ्या प्रमाणावर बसवलं असेल तर तेच ठेवा, प्रवासात प्रयोग नको. आधी ऑइल टाकीत, मग त्यावर पेट्रोल, म्हणजे धारेने ढवळलं जातं. डबलसीट लिटरला 25 ते 30 किलोमीटरच धरा. ऑइलची बाटली आणि खुणा केलेला माप-कप सोबत असू द्या. वाटेतल्या पंपावर ऑइल मिळेलच असं नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर टाकीत पाणी उतरतं, इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाशी बसतो आणि त्या थरात ऑइल जवळपास नसतं. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हला केला की ओढला जातो तोच थर. म्हणून रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल सकाळी पारदर्शक बाटलीत थोडं काढून बघा. खाली वेगळी रेघ दिसली तर ते सगळं निथळू द्या, मगच किक मारा. झाकणाचं नवं रबर आणि नवी पेट्रोल पाइप ही निघण्याआधीची कामं.

2018 नंतरच्या नव्या जावांना यातलं ऑइलचं काही लागू नाही. त्या फोर-स्ट्रोक आहेत.

उतारावरचा
किकस्टार्टभाऊंच्या मुद्द्याला जोडून कसारा घाट उतरण्याबद्दल. फोर-स्ट्रोकवाल्यांची सवय अशी की गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा. जुन्या जावावर हे लांबवर करू नका. अ‍ॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येतं. इंजिन मात्र उताराने जोरात फिरत असतं. पिस्टन कोरडा पडून सीझ होतो, म्हणजे आतच अडकून बसतो, तो इथेच. दर काही सेकंदांनी थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, वेग ब्रेकने धरा. ब्रेक दोन्हीकडे ड्रम, पाण्यातून गेल्यावर पकडत नाहीत. डबकं ओलांडलं की हलके दाबून थोडं अंतर चालवा, आत सुकतात.

सीझ होण्याआधी इंजिन सांगतं: आवाज चिरका होतो, गाडी मागून कुणी धरल्यासारखी ओढते. त्याच क्षणी क्लच दाबा आणि डावीकडे घ्या. वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या. पाणी ओतू नका, सिलिंडर तडकतो.

डबलसीट
मागे बसणारीने लिहायला हवं ते लिहिते. या गाडीला दोन्ही बाजूंना सायलेन्सर, म्हणून खोगीरपिशव्या लटकवल्या की तळ वितळतो. पिशव्या सीटवरून आडव्या घेऊन वर उचलून बांधा आणि सायलेन्सरपासून किमान चार बोटं अंतर आहे का ते दोघं बसल्यावर तपासा. वजन पडलं की मागचं शॉकअब खाली बसतं. चेन पूर्ण चेनकेसमध्ये असते, पण चाकाच्या तारा उघड्याच. पोंचो आणि ओढणी नको. रेनसूट पँट-जॅकेटचा हवा, पँट बुटावरून खाली येणारी. ग्रुपमध्ये पुढच्यांचा धूर थेट तोंडावर येतो, तेव्हा एकामागे एक न राहता तिरप्या रांगेत चाला. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, आयएसआयचंच घ्या.

पांडवलेणीच्या पायऱ्यांना रायडिंग बूट घसरतात, साधे चप्पल-बूट वेगळे ठेवा. वर लेणं क्रमांक 3 चुकवू नका. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिचा शिलालेख तिथे आहे.

प्रश्न : मुंबईहून समृद्धीने आलो तर घाट टळेल ना?

किकस्टार्ट
ताई, समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे. कसाऱ्यानेच या.

पंचवटीकर
रामकुंड बघायला जाल तेव्हा गाडी गोदाघाटावर लावू नका. कोरड्या दिवशी जागा ऐसपैस दिसते, पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात पाऊस नसतानाही पात्र फुगतं. दरवर्षी घाटावरच्या गाड्या पाण्यात सापडतात. पुराचं माप इथे दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: पाणी पायाशी, कमरेला, गळ्याशी. गाडी वर काळाराम मंदिराच्या अंगाला ठेवा आणि चालत उतरा. विसर्ग सुरू असेल त्या दिवशी सोमेश्वरच्या धबधब्यालाही लांबूनच बघा.

सिन्नरवाला
इगतपुरी-त्र्यंबकला धो धो असतं तेव्हा आमच्याकडे बऱ्याचदा नुसतं ढगाळ. शनिवारी पाऊस ऐकेचना तर त्र्यंबक सोडा आणि इकडे या. गोंदेश्वर यादवकाळातलं, पंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. मात्र बायपास धरलात तर गाव चुकेल, आत वळा.

कागदवाला
15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आरसीवरची तारीख आधी बघा. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटीही.

पॉइंटवाला
पावसात गाडी भक्-भक् करून बंद पडली तर कार्बोरेटर उघडायची घाई नको. आधी प्लग कॅप सुकी करा. मग उजवीकडचं कव्हर काढून पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) कोरड्या सुती फडक्याने पुसा, मधून कोऱ्या कागदाची पट्टी एकदा ओढा, गॅप 0.4 मिमी. हे डबीत ठेवा: प्लग दोन, कंडेन्सर, क्लच केबल, प्लग कॅप, फीलर गेज (गॅप मोजायच्या पात्या), ट्यूब. तारांचं चाक, म्हणजे ट्यूबलेसची पट्टी चालत नाही. आणि लॉजवर गाडी लावताना पेट्रोल कॉक बंद करा. उघडा राहिला तर रात्रभर पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, उतरतं आणि सकाळी किक दगडासारखी लागते. तसं झालंच तर प्लग काढा, कॉक बंद ठेवून दहा-बारा किका मारा, आतलं बाहेर उडू द्या. प्लगच्या भोकासमोर कुणी उभं नको, आणि प्लगची वायर बाजूला घ्या, ठिणगीने पेट घेतो.