सिस्टिम टेबलं लपवणारी लायब्ररी कोणाच्या सोयीची?

रात्रपाळी:
डेटाबेसमधल्या टेबलांची यादी काढून देणाऱ्या कोड लायब्ररीबद्दल इथल्या परवाच्या पोस्टमध्ये ठासून लिहिलंय, "सिस्टिम टेबलं ही डेटाबेसची खासगी बाब. डेटाबेस कुठलाही असो, लायब्ररीने ती यादीतून गाळावीत." (सिस्टिम टेबलं म्हणजे डेटाबेस स्वतःच्या हिशेबासाठी ठेवतो ती.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. रिलेशनल डेटाबेसचा जनक कॉड, त्याने 1985 साली मांडलेल्या नियमांतला चौथा नियमच सांगतो की कॅटलॉगही (म्हणजे हीच सिस्टिम टेबलं) साध्या डेटासारखा, त्याच भाषेत विचारता आला पाहिजे. मग खासगी कसली?

मला याचा फटका बसलाय. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमधला डेटा नव्या फाइलमध्ये न्यायचा होता. लायब्ररीने दिलेल्या यादीवर लूप फिरवला, म्हणजे एकेक टेबल बनवून भरत गेलो. यादीत एसक्यूलाइट_सीक्वेन्स हे सिस्टिम टेबल नव्हतं, आणि ऑटोइन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या नंबरचा) शेवटचा आकडा तिथेच असतो. जुन्या फाइलमधल्या शेवटच्या काही नोंदी आधीच डिलीट झाल्या होत्या. नव्या फाइलने तेच नंबर पुन्हा वाटले. ते नंबर छापलेल्या पावत्या बाहेर गेल्या होत्या. निस्तरायला आठवडा गेला.

स्कीमावाला:
ती पोस्ट माझी. सीक्वेन्स यादीत असतं तरी तुमचा लूप क्रिएट टेबल या टेबल बनवणाऱ्या आज्ञेलाच आपटला असता. 'एसक्यूलाइट_'ने सुरू होणारं नाव आपल्याला वापरताच येत नाही. मग इतर टेबलांच्या रांगेत ते बसवायचं कशाला? पोस्टग्रेस डेटाबेसची 12वी आवृत्ती आठवा. पीजी_अ‍ॅट्रडेफ या सिस्टिम टेबलातला एडीएसआरसी कॉलम गेला आणि थेट कॅटलॉग वाचणाऱ्या जुन्या लायब्ररी मोडल्या.

रात्रपाळी:
आपटला असता तर बरंच झालं असतं! त्याच दिवशी कळलं असतं, पावत्या निघायच्या आधी.

अंडरस्कोरग्रस्त:
लपवा-दाखवा नंतर, आधी टेबल नावाने नीट शोधून दाखवा. जेडीबीसी ही जावाची डेटाबेसशी बोलायची पद्धत. तिच्यात कॉलमांची यादी देणाऱ्या गेटकॉलम्सला दिलेलं टेबलाचं नाव हे एसक्यूएलमधल्या लाइकसारखं पॅटर्न असतं, अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर. आमच्याकडे यूजर_लॉग आणि यूजर2लॉग अशी दोन टेबलं. पहिलं मागितलं, दोघांचे कॉलम एकत्र आले आणि त्यावरून क्लास तयार झाला. चूक माझीच म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घेतलं.

स्कीमावाला:
अंडरस्कोर साधं अक्षर म्हणून वाचायला लावणारं एस्केप चिन्ह गेटसर्चस्ट्रिंगएस्केप देतं, ते त्यासाठीच आहे. डॉक्युमेंटेशन वाचायचं असतं.

अंडरस्कोरग्रस्त:
वाचलंय, तुमच्याआधी वाचलं असेल! प्रत्येक नाव एस्केप करून द्यायचं, तर 'डेटाबेस कुठलाही असो' ही लायब्ररी करते काय?

लहानमोठी:
अक्षरांचंही तेच. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव ओरॅकल मोठ्या अक्षरांत साठवतो, पोस्टग्रेस लहान. चुकीच्या अक्षरांत विचारलं की रिकामी यादी येते, एरर नाही. टेबल नाही असं समजून आमच्या इन्स्टॉलरने ते पुन्हा बनवायला घेतलं. दोन रात्री त्यात गेल्या.

अंडरस्कोरग्रस्त:
रिकामी यादी सगळ्यात वाईट. एरर आली तर माणूस शोधतो तरी.

स्कीमावाला:
विषय सिस्टिम टेबलांचा होता. इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे टेबलांची माहिती देणाऱ्या एसक्यूएल स्टँडर्डमधल्या ठरलेल्या व्ह्यू, वापरा, भांडण मिटेल.

जुनी_डीबीए:
मिटणार नाही. ओरॅकलमध्ये तो नाहीच, तिथे ऑल_टेबल्स आणि यूजर_टेबल्स. इंडेक्स स्टँडर्डमध्येच नाहीत. पोस्टग्रेसची मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवलेली क्वेरी) त्यात दिसत नाही. आणि परवानगी नसलेलं टेबल दिसतच नाही, म्हणजे तिथेही लहानमोठी म्हणतात तीच रिकामी यादी.
जेडीबीसीत प्रत्येक टेबलासोबत प्रकार येतो, 'सिस्टिम टेबल' हाही त्यातलाच. मग गाळायचं कशाला? प्रकार लावून द्या, निवड वापरणाऱ्याने करावी.

स्कीमावाला:
ठीक. 'गाळावीत' हा शब्द मागे घेतो, पावत्यांचं ऐकल्यावर तेवढं तरी मानावं लागेल. पण डीफॉल्ट यादीत सिस्टिम टेबलं नकोत, ज्याला हवीत त्याने मागून घ्यावीत.

रात्रपाळी:
माझ्या लूपने डीफॉल्ट यादीच वापरली होती.