माळ्यावर गुप्तहेर कॉरिगन सापडला! तुमच्या इंद्रजाल आठवणी सांगा

टिळकवाडीकर
पावसाच्या आधी आईनं माळा आवरायला लावला. पितळी डब्याखाली इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. वाटलं मुखवटेवाला वेताळ (फँटम) असणार, खरं वरच होता गुप्तहेर कॉरिगन. मुखपृष्ठ गायब, शेवटची पानं कसरीनं खाल्लेली. तिथंच बसून वाचून काढला. लहानपणी ह्याला कोण विचारत नव्हतं. मुखवटा नाही, जादू नाही, कोटातला सरकारी माणूस! आता बघतोय तर चित्रं काय आहेत राव. छपाईत रंग सरकलाय, त्याच्या बायकोच्या, विल्डाच्या ओठांचा लाल गालावर आलाय, तरी खालची शाईची रेघ बघत बसावी अशी. तुम्ही कुठनं आणायचा, कुठं लपवायचा, लिहा की.

खडेबाजार
आमच्या गल्लीत रेट ठरलेला. एका वेताळाला दोन कॉरिगन. जादूगार मँड्रेक बरोबरीत. 1976 ला आपला देशी हिरो बहादूर आला आणि मार्केटच फिरलं. भगवा कुर्ता आणि जीन्स, सगळ्यांना तसलंच पाहिजे. मी दिवाळीत शिवून घेतला तर आजोबा म्हणाले, कीर्तनाला निघालास काय?

निपाणीची आक्का
मुलींना कोण देत होतं हो! दादा वखारीत तंबाखूच्या पोत्यांवर बसून वाचायचा, त्याचं झालं की आमच्याकडं. आजपण कॉरिगन म्हटलं की शिंक येते मला.

गोकाकचा
शाळा कन्नड, घरी मराठी. मामाकडं मराठी इंद्रजाल यायचं, शेजारी कन्नड. चित्रं तीच, त्यामुळं फुग्यातलं कन्नड आपोआप लागायचं. मास्तरांनी छड्या मारून जे जमलं नाही ते वेताळानं करून दाखवलं. वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात कन्नड शिकलेला मी एकटाच असेन 😄

जुनी पुस्तकं
कॉरिगनला कमी लेखू नका. मूळ चित्रपट्टी 1934 ची, एक्स-9 नावाची. लेखक डॅशिएल हॅमेट, चित्रं अ‍ॅलेक्स रेमंडची, म्हणजे फ्लॅश गॉर्डन आणि डिटेक्टिव्ह रिप किर्बी काढणारा. टिळकवाडीकर, तुम्ही ज्या रेघेवर खूश आहात ती बहुतेक अ‍ॅल विल्यमसनची. 1967 ते 1980 तो आणि लेखक आर्ची गुडविन अशी जोडी होती. आपलं इंद्रजाल मार्च 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद. टाइम्सवाल्यांचं होतं.

खडेबाजार
हे तेव्हा सांगायचं की! एकाला दोन दिले नसते.

खानापूर
करंट नाही, चार्जिंग संपत आलंय, थोडक्यात लिहितो. रिप किर्बीचा नोकर डेसमंड आधी तिजोऱ्या फोडायचा म्हणून तो माझा हिरो. बाकी करंट आल्यावर.

निपाणीची आक्का
@खानापूर पाऊस लई आहे काय? मुलगी उद्या लोंढ्याला निघालीय.

खानापूर
ओततोय. रस्ता चालू आहे खरं, सावकाश या म्हणा.

शहापूर
आमचे बाबा मिरजेहून यायचे, तेव्हा मीटर गेज, गाडी रमतगमत. स्टेशनवर घेतलेला अंक घरी येईपर्यंत त्यांचा वाचून झालेला असायचा. "पोरांना द्यायच्या आधी बघायला नको?" असं म्हणायचे. वेताळ मात्र न बघताच द्यायचे. कॉरिगन तपासायला दोन-दोन दिवस लागायचे. आई म्हणायची, तपासा, तपासा, सेन्सॉर बोर्ड.

टिळकवाडीकर
@शहापूर 😂 बरं, माझ्या अंकात शेवटी खलनायक डॉक्टर सेव्हन निसटायला बघतोय आणि पुढचं कसरीच्या पोटात. सापडतो काय?

गोकाकचा
निसटला असणार. पुढच्या वेळी कोण पाहिजे की नको?

जुनी पुस्तकं
फोटो टाका, अंकाचा क्रमांक दिसतोय काय बघू.

निपाणीची आक्का
गठ्ठ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आधी. डांबरगोळ्या नको, नातवंडं हात लावतात.