स्पेनमधल्या ऐतिहासिक वास्तू कंपन्यांच्या बैठकांना भाड्याने द्याव्यात का?

सह्यवेल:
स्पेनमध्ये जुने मठ, राजवाडे, इस्पितळं यांतली दालनं कंपन्यांना बैठका, परिषदा, मेजवान्यांसाठी भाड्याने मिळतात. माझं मत सरळ आहे: जरूर द्यावीत. वापर थांबला की वास्तूला ओल धरते, छप्पर गळतं आणि दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो.

बार्सिलोनाचं सांत पाउ इस्पितळ बघा. वास्तुकार दोमेनेक इ मोंतानेर यांच्या आराखड्यानुसार 1902 मध्ये काम सुरू झालं. आजारांनुसार वेगवेगळ्या इमारती, मध्ये बाग, खालून एकमेकींना जोडणारी भुयारं, आणि भिंती धुवून स्वच्छ ठेवता याव्यात म्हणून आतून चकचकीत फरश्या. 2009 मध्ये रुग्ण शेजारच्या नव्या इमारतीत गेले. मागे उरलेल्या एवढ्या मोठ्या आवाराचं करायचं काय? दुरुस्ती करून 2014 मध्ये ते लोकांना पाहायला खुलं केलं, काही इमारतींत आंतरराष्ट्रीय संस्थांची कार्यालयं आली, काही दालनं कार्यक्रमांना मिळू लागली. याला कुलूप लावणं हा पर्याय होता का?

काजवा_७:
सोयीचं उदाहरण घेतलंत. त्याच शहरातल्या पार्क ग्वेलमध्ये मे 2024 मध्ये लुई व्हितों या महागड्या कपडे-बॅगांच्या कंपनीचा फॅशन शो झाला, तेव्हा आसपासचे रहिवासी निषेध करायला रस्त्यावर उतरले. आधीच पर्यटकांच्या गर्दीने ते मेटाकुटीला आले आहेत, त्यात त्यांच्याच बागेत निमंत्रितांची मैफल. पैसा आला असेल, पण शेजाऱ्यांना कोणी विचारलं? माझा विरोध बैठकांना नाही, दार बंद होण्याला आहे.

मांडववाला:
मी कार्यक्रमांच्या व्यवस्थेचंच काम करतो. जुन्या वास्तूत काम करायचं तर भिंतीला खिळा नाही, खांबाला दोरी नाही, दिव्यांचे स्टँड स्वतःच्या पायावर उभे आणि पायांखाली रबर. खरा धोका भाषणांचा नसतो, स्वयंपाकाची वाफ आणि सामान ओढणाऱ्या ट्रॉल्यांचा असतो. अटी कडक असतील आणि अनामत रक्कम भरपूर घेतली तर नुकसान टळतं. बंदी कशाला?

ओवी:
व्हॅलेन्सियाची लोन्खा दे ला सेदा, म्हणजे जुना रेशीम बाजार, तर व्यापारासाठीच बांधली, 1482 पासून. पिळाचे उंच दगडी खांब, आणि दालनाच्या भिंतींवर चहूबाजूंनी फिरणारा लॅटिन लेख. मतितार्थ असा: ज्याच्या जिभेवर कपट नाही, जो शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, व्याजाने पैसा लावत नाही, तो व्यापारी संपत्तीने भरून जाईल आणि शेवटी चिरंतन जीवन भोगेल. अशा ठिकाणी व्यापाऱ्यांनी जमण्यात गैर काय? खुशाल जमावं, आणि तो लेख वाचावाही.

गडवाट:
आपल्याकडे 2019 मध्ये किल्ल्यांवर हॉटेलांची बातमी आली तेव्हा केवढा संताप झाला! तोच न्याय तिकडे लावा.

सह्यवेल:
@गडवाट, सरसकट तुलना नको. तिथली पारादोर ही हॉटेलांची साखळी सरकारी आहे. पहिलं 1928 मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झालं. सान्तियागोचं पारादोर तर 1499 मध्ये राजा-राणीने यात्रेकरूंसाठी काढायला लावलेल्या इस्पितळात आहे. पाहुण्यांना आसरा देणं हेच त्या घराचं मूळ काम.

काजवा_७:
सरकारी असलं की सगळं पावन होत नाही. लेओनचं सान मार्कोस घ्या, तेही पारादोरच. बाहेरून इतकी नाजूक कोरीव दर्शनी भिंत की नजर हटत नाही. कवी केवेदो इथंच चार वर्षं कैदेत होता. पण त्याहून जवळचा इतिहास यादवी युद्धातला: हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने इथं छळछावणी चालवली, हजारो माणसं कोंबली. त्यांची नातवंडं आज हयात आहेत. त्याच आवारात विक्रीचं उद्दिष्ट गाठल्याचा जल्लोष करणाऱ्या कंपनीला हे कुणी सांगतं का?

ओवी:
पण काजवा, हॉटेल नसतं तर तिथं जाणारे किती असते?

काजवा_७:
जाऊ देत की. भाडेकरारातच अट घाला: कार्यक्रम सुरू होण्याआधी आलेल्या प्रत्येकाला ती छावणी कुठं होती ते दाखवायचं, आणि वर्षातले ठरावीक दिवस ते दालन फक्त लेओनच्या लोकांसाठी राखायचं. स्पेनचा 1985 चा वारसा कायदा संरक्षित वास्तूंच्या मालकांना, सूट नसेल तर, महिन्यातून किमान चार दिवस लोकांना आत येऊ द्यायला लावतोच. तेवढं करारात आलं तर माझा विरोध मागे. तोवर नाही.