पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) शिकायचंय, नोकरी सांभाळून. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिनने कृपया हलवावा.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे. भांडुपच्या बाजूला एका छोट्या नर्सिंग होममध्ये चौदा वर्षं काम करतेय. डिलिव्हऱ्या, अपेंडिक्स, पावसाळ्यात डेंग्यू, हे आमचं रोजचं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत कॅन्सरचे असे पेशंट जास्त येऊ लागलेत, ज्यांना मोठ्या हॉस्पिटलने "आता घरी न्या" सांगितलंय. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं. झेपेनासं झालं की सलाइन लावायला आमच्याकडे आणतात.

जुलैमध्ये असेच एक काका आले. तोंडाचा कॅन्सर, गालाला आरपार जखम. मुलाने मला जिन्यातच गाठलं. "सिस्टर, बाबांना काही माहीत नाही, तुम्ही बोलू नका." दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल दोन तासही पुरत नव्हतं, आणि त्याहून जोरकस मॉर्फिन आमच्याकडे ठेवतच नाहीत. जखमेच्या वासाने शेजारच्या बेडवाले खोली बदलून मागत होते, तेही काकांसमोर. त्यांना बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास त्यांनी बेल मारली. उशाखालची वही काढून लिहिलं, "सिस्टर खरं सांगा. मी उठणार का यातून?" आणि पेन माझ्या हातात दिलं. मी पेन घेतलं, सलाइनचा रेग्युलेटर उगाच वर-खाली केला, "आराम करा काका, सकाळी डॉक्टर येतील" म्हटलं आणि बाहेर आले. दोन दिवसांनी त्यांना घरी नेलं. आठवड्याभरात मुलाचा फोन आला, डेथ सर्टिफिकेट द्यायला डॉक्टर घरी येतील का विचारायला.

ते पेन अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मला हे काम नीट शिकायचंय. नोंदणी नूतनीकरणासाठी तास भरायचे म्हणून एकदा एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले होते. स्लाइड्स बघितल्या, जेवले, सर्टिफिकेट घेऊन आले. त्या रात्री त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. नोकरी सोडता येणार नाही, मुलगी दहावीला आहे. नर्सला खरंच हाताशी येईल असा कोर्स कोणता? दुरून शिकता येतं का? आणि घरचे "सांगू नका" म्हणतात तेव्हा तुम्ही नेमकं काय बोलता? मराठीत, शब्दाला शब्द सांगा. जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद: होमकेअर सिस्टर, परळ

ताई, तुमचं वाचून माझी पहिली दोन वर्षं आठवली.

कोर्सचं आधी सांगते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही १९९४ पासूनची देशपातळीवरची संघटना आहे. तिचा पायाभूत सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी असतो. साधारण दोन महिने घरी पुस्तक वाचायचं, मग वर्ग आणि परीक्षा. नोकरी करत होण्यासारखा आहे, मी नाइट ड्यूट्या करत केला. दुसरा पर्याय तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचा. त्यांचा नर्सेससाठी सहा आठवड्यांचा कोर्स आहे, पण तिथे राहावं लागतं. मुलीची दहावी होऊ द्या, मग त्याचा विचार करा. तिथे रोज पेशंटच्या घरी नेतात आणि खरं शिक्षण तिथेच होतं. आपल्याकडे टाटाच्या पॅलिएटिव्ह मेडिसीन विभागात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा, फोनवर नीट कळत नाही.

जखमेचं मात्र कोर्सची वाट न बघता उद्यापासून करता येईल. सुकलेला गॉज कधीही ओढून काढू नका, सलाइनने भिजवून दहा मिनिटं थांबा. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाका. वास जंतूंमुळे येतो, दोन-चार दिवसांत फरक कळतो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचा डोस द्या. इतकं केलं की पेशंट आरशात बघू लागतो.

आता बोलण्याचं. प्रश्न आला की मी आधी स्टूल ओढून बसते. उभ्याने उत्तर द्यायचं नाही. मग विचारते, "काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" बहुतेकांना ठाऊक असतं. ते म्हणतात, "काही खरं नाही." मी म्हणते, "असं वाटतंय तर सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे?" उत्तर फार वेळा मरणाचं नसतं. खोलीचा करार, मुलीचं लग्न, गावी न्याल का, असलं काहीतरी निघतं. नातेवाइकांना मी सांगते, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते मला सांगा." मुलगा तिथे रडतो. रडू द्यायचं.

प्रतिसाद: एक जीपी, ठाणे

मॉर्फिनबद्दल लिहितो, कारण तिथेच सगळं अडतं. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर बहुतेक दवाखान्यांनी धसका घेऊन ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्याची वाट मोकळी झाली. पण तिथे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. म्हणजे सिस्टर, तुमच्याबरोबर तुमच्या डॉक्टरांनीही शिकायला हवं, नाहीतर तुम्ही शिकून याल आणि कपाट रिकामंच राहील. आम्हाला मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत तीस क्रेडिट तास भरावेच लागतात. त्यातले काही इकडे खर्च करा, असं त्यांना सुचवून बघा.

आणखी एक. तोंडाने मॉर्फिन सुरू केलं की पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला हवं. बद्धकोष्ठता होतेच, आणि दुखणं कमी होऊनही पेशंट त्यापायी गोळी सोडून देतो. गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही.

प्रतिसाद: वांद्र्याची मुलगी

मी नर्स नाही. माझी आई वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात शेवटचे अकरा दिवस होती. ते १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा. पैसे घेत नाहीत. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी आईचे केस धुतले आणि वेणी घातली. दोन महिन्यांत कोणी घातली नव्हती, मीसुद्धा नाही, दुखेल म्हणून. आई त्या रात्री झोपली. ताई, तुम्ही शिकाच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वांद्र्याच्या ताई, वेणीचं वाचून ड्यूटी रूममध्ये बसूनच रडले.

काल मेट्रोनिडाझोलबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारलं. एका आजींच्या जखमेवर दोन दिवस करून बघू म्हणाले. मॉर्फिनचं नाव काढल्यावर "लफडं नको" म्हणाले. जीपी सरांनी दुरुस्तीबद्दल लिहिलेलं प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलंय. संघटनेच्या कोर्सबद्दल सोमवारी, ऑफ आहे तेव्हा, टाटाला जाऊन विचारते.

परळच्या ताई, एक राहिलं. पेशंटने विचारलं, "किती दिवस?" तर? तिथे तुम्ही काय म्हणता?

होमकेअर सिस्टर, परळ

आकडा देत नाही, तो कोणालाच माहीत नसतो. "कोणत्या गोष्टीसाठी वेळ हवाय?" एवढं विचारते. कोणी म्हणतं गणपती. मग श्रावण लागला असेल तर मी म्हणते, "काका, यंदा गणपती थोडे आधी आणूया घरी."

सोमवारी येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी दुपारची ड्यूटी आहे, त्याआधी भेटू.