परदेशी अशनींची नावं मराठीत बोलायची कशी?

दगडधोंडे:
नमस्कार मंडळी. आमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपसमोर अशनींवर, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांवर, मराठीत तासभर बोलायचंय, स्लाइडही देवनागरीतच करणार, बाकी सगळी तयारी झालीय पण नावांपाशी गाडी अडलीय. १९६९ साली मेक्सिकोत पडला तो अलेंडे की आयेंदे? फ्रान्समधला १८६४ चा, तो ऑर्ग्युईल का? पुढे विलामेट, नाखला, सिखोते-अलिन, पुल्टुस्क, प्रिब्राम अशी रांगच आहे. यूट्यूबवर चार जण चार तऱ्हांनी बोलतात आणि सगळे इंग्रजीतून. अशनी जिथे पडला किंवा सापडला तिथल्या गावाचं, नदीचं, डोंगराचं नाव त्याला देतात, मग उच्चारही तिथल्या लोकांचाच धरायचा की इंग्रजीत चालतो तो?

खडूफळा:
तिथल्या लोकांचा, जिथवर जीभ वळते तिथवर. आयेंदेच म्हण. डबल एल मेक्सिकोत य होतो. चिलीचे राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे, तोच शब्द. आणि हा पडला त्या राज्याला आपण चिवावा म्हणतोच की, कुत्र्यामुळे का होईना, मग आयेंदेनेच काय घोडं मारलंय? ऑर्ग्युईल तर अजिबात नको, ऑर्गय म्हण, शेवटचा एल ऐकूच येत नाही. विलामेट दिसायला फ्रेंच पण आहे अमेरिकेतल्या ओरेगनचा, तिकडचे लोक विलॅमिट म्हणतात, जोर लॅ वर. साडेपंधरा टनांचं धूड आहे ते, आता न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये.

रात्रपाळी:
एवढं ताणू नका हो. ऑर्गय ऐकून घरी गेलेला माणूस गुगलवर काय टाइप करणार? स्पेलिंग आणि उच्चाराचा काही संबंधच नाही तिथे. बोला हवं तसं, पण स्लाइडवर रोमन स्पेलिंग मोठ्या अक्षरात द्याच, नाहीतर ती माहिती तिथल्या तिथेच संपली.

पूर्वाषाढा:
रोमन स्पेलिंग द्यायला हरकत नाही, पण निम्मा घोळ त्यानेच होतो ना. पुल्टुस्क घ्या. पोलिशमध्ये त्या एलवर आडवी रेघ असते आणि त्याचा उच्चार व सारखा, म्हणजे पुवतुस्क. इंग्रजी पुस्तकांत ती रेघ गळते की झाला पुल्टुस्क. १८६८ च्या जानेवारीत तिथे दगडांचा अक्षरशः पाऊस पडला होता. तसंच सायबेरियातलं ते पल्लास या निसर्गअभ्यासकाच्या नावाचं लोखंड, ज्याच्यावरून पॅलसाइट हा अशनींचा सगळा गट ओळखला जातो, त्याचं अधिकृत स्पेलिंग जर्मन वळणाचं, त्यात J हे अक्षर आहे, म्हणून आपले लोक बिनधास्त क्रास्नोजार्स्क वाचतात. गाव आहे क्रास्नोयार्स्क. नाखला आणि सिखोते-अलिनमधला ख आपल्या खडूतला नाही, घशातून घासत येणारा आहे, गझल गाणारे ख़्वाब म्हणतात ना तसा. लिहिताना साधा ख चालेल, नुक्ता दिला तरी मराठीत वाचतंय कोण. प्रिब्रामचं मात्र अवघड आहे, चेक भाषेत तो र आणि श एकाच वेळी काढायचा असतो, प्रशीब्रामच्या आसपास काहीतरी, री लांबवून. बाहेरच्यांना सहसा जमत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

खडूफळा:
आणि एक राहिलंच, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या यादीत मंगळावरून येऊन पडलेले दगड असणारच, तिथे शेरगॉटी म्हणू नकोस!! ते आपलं बिहारमधलं शेरघाटी आहे, गया जिल्ह्यात, २५ ऑगस्ट १८६५ ला पडला. साहेबाला घ जमला नाही म्हणून स्पेलिंग तसं झालं आणि आता आपलीच पोरं इंग्रजी अ‍ॅक्सेंट मारून शेरगॉटी म्हणतात, ऐकवत नाही.

रात्रपाळी:
मग त्याच्यावरून मंगळाच्या दगडांच्या गटाला पडलेलं नाव, शेरगॉटाइट, त्याला काय शेरघाटाइट म्हणणार? जगभरच्या पेपरांत रुळलेला शब्द आहे तो.

खडूफळा:
गटाला शेरगॉटाइट राहू दे की, गावाला शेरघाटी म्हणा. दोन्ही एका वाक्यात नांदतात.

पूर्वाषाढा:
+१. आपल्या नावांची तिकडे काय दशा होते तेही बघा. गुजरातेत १९७६ ला पडलेला धजाळा, त्यातला ळ रोमनमध्ये कुठून येणार, जगासाठी तो धजालाच. लोणारचा ण पण गेला. काटोलला तेवढा त्रास नसावा असं वाटतं, पण कटोल म्हणताना ऐकलंय मी.

दगडधोंडे:
खूप आभार सगळ्यांचे. ठरलं मग, मोठ्या अक्षरात देवनागरी, खाली बारीक रोमन, बोलताना तिथला उच्चार, आणि शेरघाटी तर पक्कंच. प्रिब्राम ठेवावाच लागेल, कारण फोटोंवरून कक्षा काढता आलेला तो पहिला अशनी, १९५९ चा, तो भाग गाळता येत नाही. तेवढं एक नाव मराठीतच ठोकून देतो. काटोलची स्लाइड वाढवतोय, २०१२ ला नागपूरजवळ पडला म्हटल्यावर लोक कान टवकारतील. त्याचा तुकडा बघायला कुठे ठेवलाय का, माहितीये का कोणाला?