झेब्रा नेराईट गोगलगायींचे शंख पांढरे पडतायत, सल्ला हवाय

मुठेकाठची
लोकहो, कोथरूडला घरी माशांचा दोन फुटी टँक आहे, साधारण ५५ लिटरचा, आठ गप्पी आणि मॉलीची एक जोडी. काचेवर शेवाळाचे हिरवे ठिपके धरतात, जुन्या एटीएम कार्डाने खरवडून खरवडून हात दुखले म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून चार झेब्रा नेराईट आणल्या. दीड महिना झाला. सुरुवातीला मजा आली हो, रात्री टॉर्च मारला की काचेवर इवलंसं तोंड उघडझाप करताना दिसायचं आणि सकाळी तिथे नागमोडी स्वच्छ पट्टा. पण आता शंखाचं टोक खडूसारखं पांढरं पडलंय, बोटाला खरखरीत लागतं. लाकडावर तिळासारखे पांढरे ठिपके आलेत, तो रोग आहे का? शिवाय एक कालपासून उताणी पडलीये. आणि शेवाळ आहे ते आहेच, अजून चार आणू का?

खाडीवाला
आधी त्या उताणीला सुलटी करा, मग पुढचं वाचा. नेराईटला बऱ्याचदा स्वतःहून पालथं होता येत नाही, तशीच भुकेने मरते. जिवंत आहे का बघायचं तर हातात घेऊन वास घ्या. मेलेली असेल तर कोणाला विचारावं लागणार नाही, आख्खं घर सांगेल.
ते तीळ म्हणजे अंडी, घाबरू नका. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत, त्यांना लहानपणी खारं किंवा मचूळ पाणी लागतं. यांच्यातल्या बऱ्याच जाती नदीत अंडी घालतात, पिल्लं वाहत समुद्राकडे जातात आणि जरा मोठी झाली की परत वर चढतात. आमच्या रत्नागिरीकडे खडपावर आणि खाडीत यांचीच भावंडं चिकटलेली असतात, लहानपणी खिसे भरून आणायचो आणि आईचा मार खायचो.

टँकभर
पांढरं टोक म्हणजे पाणी मऊ आहे. आपलं धरणाचं पाणी माशांना चालतं पण त्यात कॅल्शियम कमी, आणि पीएच ७ च्या खाली गेला की शंख विरघळायला लागतो. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. थेंबांचं जीएच-केएच किट आणा, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं. जीएच ८ च्या आसपास, पीएच साडेसात असला की या खूश, मॉलीलाही तेच आवडतं. आणि आरओचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद.
उपाय स्वस्त आहे, समुद्रफेस, म्हणजे माकुलाच्या अंगातलं पांढरं कवच. पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, नाहीतर काष्ठौषधीवाल्याकडे. बोटभर तुकडा फिल्टरमध्ये टाकून द्या, हळूहळू विरघळतो. गेलेलं टोक परत येत नाही, पण तोंडाकडची नवी वाढ चांगली येते, लक्ष तिथे ठेवायचं.

खाडीवाला
तिसऱ्यांची शिंपलंही चालतात, फक्त नीट उकळून घासून घ्या, मसाल्याचा वास राहिला तर गप्पी तक्रार करतील.

सुरमईप्रेमी
कशाला हा उपद्व्याप, एक सकर मासा टाका सत्तर रुपयांचा, काच चकाचक!

टँकभर
@सुरमईप्रेमी, तो सकर फूटभराच्या वर वाढतो. दोन फुटी टँकमध्ये तो वळणार कसा? मग लोक नदीत सोडून येतात आणि तिथल्या माशांची वाट लागते. प्लीज नको.
@मुठेकाठची, अजून चार आणू नका. या हिरवे ठिपके आणि नव्या टँकमधला तपकिरी थर खातात, केसाळ शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि दिवा दहा-बारा तास चालू असेल तर चार काय चाळीस आणल्या तरी पुरणार नाहीत. सहा-सात तासांवर आणा. ऊन येतं का टँकवर?

मुठेकाठची
अय्यो. सकाळी दोन तास थेट ऊन येतं, शोभा दिसते म्हणून मुद्दाम तिथे ठेवला होता :( किट आणलं, जीएच ३ आला. आणि आज एक नवीनच कळलं, मी ऑफिसला गेले की टँकमधलं पाणी कमी दिसलं म्हणून सासूबाई तांब्याच्या हंड्यातलं घालतात, "चांगलं असतं माशांना" म्हणून. याने काही होतं का?

खाडीवाला
अहो होतं तर! तांबं म्हणजे गोगलगायींना विषच. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या कित्येक औषधांतही असतं, लेबल वाचल्याशिवाय एक थेंब टाकू नका. हंड्याचं थोडंच उतरत असेल, पण एवढ्याश्या जिवावर प्रयोग कशाला. आज पाव पाणी बदला, परवा परत पाव. एकदम सगळं बदलू नका, नाहीतर मासे बसतील खाली. सासूबाईंना एक प्लास्टिकची बादली नेमून द्या, क्लोरिन काढून ठेवलेली, त्यांचाही मान राहील.

मुठेकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. टँक आतल्या भिंतीला हलवला, दिवा सहा तास, जीएच ७. हिरवे ठिपके नवीन येत नाहीयेत. उताणी पडलेली वाचली नाही. दुसरी एक तीन दिवस गायब होती, फ्रिजमागे सापडली, पाण्यात टाकल्यावर तासाभराने शंखाचं झाकण उघडून चालायला लागली! आता टँकच्या झाकणाच्या फटीत स्पंज कोंबलाय. तिघींच्याही शंखाच्या कडेला काळ्या-पिवळ्या रेषांची चकचकीत नवी पट्टी आलीये, जुना भाग तसाच ओबडधोबड. काच स्वच्छ झाल्यावर खायला काय द्यायचं? आणि ते तीळ काढायचे कसे?

टँकभर
उकडलेली काकडी, दुधी टाकून बघा, पण नेराईट नखरेल असतात, शिवतीलच असं नाही. त्यापेक्षा मागची काच घासूच नका, तेच त्यांचं ताट. अंडी काचेवरची ब्लेडने निघतात. लाकडावरची काही निघत नाहीत, लाकूड फिरवून ती बाजू मागे करा.